धावदोरा पुरला असता

मित्रांनो, मला विंडचीटर म्हणतात, म्हणजे वाऱ्याला फसवणारा. नाव ऐकून मी कोणी भामटा आहे असं वाटेल तुम्हाला, पण उभ्या आयुष्यात मी वाऱ्याखेरीज कोणालाही फसवलेलं नाही. आता वय झालंय माझं. कोपरांपाशी रंग उडालाय, आतल्या लोकरी अस्तराचे गोळे झालेत. तरी आवाज शाबूत आहे, आणि मनात एक गोष्ट कोंडून राहिली आहे. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म झाला तो एका घराच्या पुढच्या खोलीत. तीच खोली म्हणजे दुकान. खिडकीपाशी शिलाई मशीन, भिंतीवर खुंट्या, जमिनीवर चिंध्यांचा ढीग आणि त्या सगळ्याच्या मधोमध गळ्यात दोरीने कात्री अडकवून बसलेली एक बाई. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणतो. खरं म्हणजे ती ताई होती एकाच माणसाची, चिमीची.

चिमी म्हणजे कोणी चिमुरडी मुलगी नव्हे हं! तिशी ओलांडलेली, उंच, खांद्यांनी भक्कम, दोन खोकी एका वेळी उचलणारी बाई. पण घरात तिचं नाव चिमीच राहिलं. लहानपणी तिला छातीचा मोठा आजार झाला होता. त्याच सुमाराला आई गेली. ताई तेव्हा स्वतः जेमतेम शाळा संपवलेली पोर. तिने रात्रंदिवस उशाशी बसून बहिणीला वाचवलं. त्या आजारातून चिमी उठली, पण ताई काही उठली नाही. खिडकी उघडी दिसली की अजूनही ती धावत जाऊन लावून घेई.

त्यामुळे ताईच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ एकच शब्द असायचा, घाल. स्वेटर घाल, मोजे घाल, कानाला बांध आणि मग बाहेर पड. चिमी "अगं, उकडतंय" म्हणाली तर ताई म्हणायची, "तुला काय कळतंय उकडतंय की नाही ते!" आता सांगा, स्वतःला उकडतंय की नाही हे माणसाला स्वतःला नाही कळणार तर कोणाला कळणार? पण ताईपुढे बोलायची कोणाची टाप होती?

चिमीला शीतगृहात नोकरी लागली आणि ताईने मला शिवायला घेतलं. वरून रेनकोटचं कापड, आतून लोकरी अस्तर, हनुवटीपर्यंत येणारी कॉलर, पुढे लांब चेन, मनगटाला आणि कमरेला घट्ट इलास्टिक. ढगळ कपड्यात वारा शिरतो म्हणून तिने मला चिमीच्या अंगाबरोबर बेतलं. आणि शिलाई? ती तर काय विचारता! ताईला कच्च्या कामाचा भारी राग. शाळेत शिवणाच्या तासाला तुम्ही धावदोरा शिकला असाल. सुई वर, सुई खाली, पटापट पुढे, आणि एक टोक ओढलं की सगळा दोरा सरकन बाहेर. ताई म्हणायची, "ती शिलाई नव्हे, ती थाप." ती घालायची टीप. सुई एक टाका पुढे जाणार, अर्धा मागे येणार, तोही दुहेरी दोऱ्याने. ताईच्या हातचं कापड विरेल, पण शिवण उसवणार नाही, असं गल्लीत सगळे म्हणत. माझी छाती अभिमानाने फुगायची, म्हणजे इलास्टिक जेवढी फुगू देईल तेवढी.

शीतगृहात माझे सोन्याचे दिवस गेले. तिथल्या खोल्यांना गादीएवढे जाड दरवाजे. आत फळांची खोकी छतापर्यंत रचलेली, एक मिणमिणता दिवा आणि यंत्राची घरघर. दरवाजा मागे धप्पकन बंद झाला की चिमी दरवेळी वळून आतली कडी बघायची. बाहेर पडता येईल ना, एवढीच खात्री करून घ्यायची आणि मग कामाला लागायची. मला तिच्या छातीतली धडधड ऐकू यायची. मी तिला घट्ट धरून ठेवायचो. तिचे सोबती म्हणत, "तुझा विंडचीटर भारी आहे बुवा, आम्हालाही शिवून आण." मी तेव्हा खरोखर कामाचा होतो, मित्रांनो. मी तेव्हा जिथे असायला हवं तिथे होतो.

काम संपल्यावर चिमीचं अंग लाकडासारखं ताठरलेलं असे. ते सुटावं म्हणून एक दिवस ती बस सोडून घरापर्यंत पळत आली. दुसऱ्या दिवशीही आली. मग तिला त्याची गोडीच लागली. थोड्या अंतरावर ती मला काढून कमरेला बांधायची आणि गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून पुन्हा घालायची, ताईने बघू नये म्हणून. एवढी मोठी बाई, पण कोपऱ्यावर लपून चेन लावायची! मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

पुढे मैदानावर धावणाऱ्यांचा एक गट तिला भेटला. त्या गटाच्या बाईंना सगळे कप्तान म्हणत. पेशाने त्या दातांच्या डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायची सवय असल्यामुळे त्यांना मध्येच कोणी उत्तर दिलेलं चालत नसे. त्यांच्या शिकवणीत चिमी पातळ बनियन घालून पळायला लागली आणि मी खुंटीवर गेलो. कित्येक महिने मी भिंतीकडे तोंड करून लटकत होतो. समोर लोकांचे नवे कपडे शिवून जात होते, आणि मला कोणी हातही लावत नव्हतं. आपण आता टाकाऊ झालो, हे मनाला फार लागलं.

अशात एका संध्याकाळी जेवताना चिमी म्हणाली, "ताई, आमची कंपनी दुसऱ्या शहरात नवं शीतगृह काढतेय. तिथली सगळी जबाबदारी मला देतायत. तिकडे राहायला जावं लागेल."

ताईचा घास हातातच राहिला. "आणि तिकडे तुझ्याकडे बघणार कोण?"

"मी बघेन की."

"तू? साधी सर्दी झाली तरी घर डोक्यावर घेतेस तू."

"मी नाही घेत. तू घेतेस."

ताईने पाण्याचा पेला दाणकन खाली ठेवला. "ती तुमची मॅरेथॉन का काय आहे ना? बेचाळीस किलोमीटरची? ती पुरी करून दाखव. धड उभी राहिलीस तर जा खुशाल, मी चकार शब्द काढणार नाही. पण मध्येच बसलीस, तर हा विषय पुन्हा या घरात निघता कामा नये."

"कबूल?" चिमीने विचारलं.

"कबूल," ताई म्हणाली. आणि मी तिला चांगला ओळखतो. ही पोरगी अर्ध्यातच बसणार याबद्दल तिची खात्री होती.

त्यानंतर काही दिवसांनी कप्तान स्वतः दुकानात आल्या, कोटाचं माप द्यायला. ताई त्यांच्या भोवती टाचण्या लावत होती आणि तोंडात टाचण्यांची रांग धरलेली होती. म्हणजे इथेही समोरच्याला बोलायची सोय नाही! कप्तान खूश झाल्या आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"लांब धावायला हवा कशी पाहिजे ठाऊक आहे का, ताई? ढगाळ, कोरडी, थोडासा वारा, आणि नुसतं उभं राहिलं तर हुडहुडी भरेल इतकी गार. सुरुवातीच्या रेषेवर जो कुडकुडतो, त्याचा दिवस चांगला जातो. ज्याला तिथे उबदार वाटतं, तो पुढे शिजतो. कपडे घालताना हवा आहे त्यापेक्षा दहा अंशांनी गरम आहे असं समजायचं. पातळ बनियन, आखूड चड्डी, डोक्याला टोपी. सुती कपडा नको, तो घाम पितो आणि अंगाला चिकटून बसतो."

"उं उं," ताई म्हणाली.

"थंडीचं ना? वाट बघताना अंगावर एखादं जुनं काहीतरी घालायचं आणि शिट्टी झाली की काढून टाकायचं. मात्र धावून झालं की अंग झटकन गार पडतं, तेव्हा हवं तेवढं पांघरा. ऊब वेळेवर मिळाली तर ऊब, नाहीतर तिचा उबग येतो. एका अक्षराचाच तर फरक आहे."

ताईने टाचण्या तोंडातून काढल्या तोवर कप्तान पायऱ्या उतरून गेल्या होत्या. "जुनं काहीतरी म्हणे! काढून टाका म्हणे!" ताई माझ्याकडे बघत पुटपुटली. "हिचे दात कोणी काढायचे?"

धावण्याचा दिवस उजाडला. उजाडला कसला, धुक्यात काही दिसतच नव्हतं. हाडं गोठवणारी थंडी पडली होती. चिमीने खुंटीवरून मला काढलं आणि बनियनवर चढवलं. सुरुवात होईपर्यंत मला घालायचं आणि मग ताईच्या हातात द्यायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. मला ते चालणार होतं. इतक्या दिवसांनी मला कोणीतरी विचारलं होतं!

मैदानावर हजारो माणसं जमली होती. जो तो पातळ कपड्यांत उड्या मारत, हात चोळत उभा होता. चिमी मात्र माझ्या आत मस्त गरम होती. चिमीला रांगेत उभं राहून तिचा नंबर मिळाला, चांगला वहीच्या पानाएवढा, न फाटणाऱ्या कागदाचा. तो लावायला टाचण्या देत होते, पण आमच्यापर्यंत येईतो त्या संपल्या. तेवढ्यात भोंग्यावरून कोणीतरी ओरडलं, "सर्वांनी आपला नंबर समोर पक्का लावा! नंबर दिसला नाही किंवा सुटला, तर धाव धरली जाणार नाही!"

पक्का हा शब्द ताईच्या कानावर पडला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

बाकीच्यांना पक्का म्हणजे पडणार नाही असा. पण ताईच्या धंद्यात पक्का म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. तिने पदराला बांधलेली सुई-दोऱ्याची पुडी काढली.

"बनियनवर लाव गं," चिमी म्हणाली. "हा मी काढणार आहे."

"या थंडीत? वेड लागलंय का तुला? पुढे धुकं बघ कसं आहे ते."

"मग नुसता धावदोरा घाल. चार टाके. पुढे मला ओढून काढता येईल."

"धावदोऱ्याचा काय भरवसा? सुटला आणि नंबर पडला तर तुझी धाव धरायची नाहीत ते. मग पुन्हा मलाच बोल लावशील. हात वर कर. हलू नकोस, सुई लागेल."

मित्रांनो, चिमीची एक लहानपणापासूनची सवय होती. ताईच्या हातात सुई दिसली की ती हात वर करून, मान ताठ करून, श्वास रोखून पुतळ्यासारखी उभी राहायची. आताही तशीच राहिली. डोळे समोर, सुरुवातीच्या कमानीकडे. खाली काय चाललंय ते तिने बघितलंच नाही. मी मात्र बघत होतो आणि ओरडत होतो, पण कपड्याचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? ताईने नंबर बरोबर छातीच्या मधोमध धरला, चेनीच्या दोन्ही बाजूंवर, आणि चारही कडांनी टीप घातली. दुहेरी दोरा. एक टाका पुढे, अर्धा मागे. गार पडलेल्या बोटांनी, घाईघाईत, पण एकही टाका वाकडा नाही. आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम केलं तिने त्या दिवशी. फक्त सुई माझं कापड आणि अस्तर ओलांडून आतल्या बनियनमध्येही शिरत होती, ते तिला कळलं नाही.

शिट्टी झाली. चिमीने चेन उघडायला हात कॉलरपाशी नेला. चेन वीतभर खाली आली आणि नंबराशी अडली.

"ताई! अगं, चेन!"

पण मागून लोंढा आला. ताई कुठल्या कुठे राहिली आणि चिमी धावायला लागली.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. धुक्यातून पाऊलवाट दिसावी तसा रस्ता दिसत होता, आणि चिमी मजेत पळत होती. तिला वाटलं, जाऊ दे, गरम व्हायला लागलं की डोक्यावरून ओढून काढू. मग धुकं उठलं. ढग येणार म्हणून सांगितलं होतं, त्यांचा मागमूस नव्हता. लख्ख ऊन पडलं. वाराही पडला. ज्याला मी जन्मभर फसवलं, त्या वाऱ्याची त्या दिवशी मी डोळ्यांत प्राण आणून वाट बघितली. पण तो काही आला नाही.

आत काय झालं असेल याची तुम्ही कल्पना करा. लोकरी अस्तर घामाने चिंब झालं. वरचं कापड रेनकोटचं, त्यातून ना घाम बाहेर जाई ना हवा आत येई. मनगटाची इलास्टिक इतकी घट्ट की बाह्या वर सरकेनात. पाणी वाटणाऱ्यांनी चिमीच्या अंगावर पेलाभर गार पाणी ओतलं. ते माझ्यावरून ओघळून रस्त्यावर गेलं, तिला थेंबही मिळाला नाही. मी रडकुंडीला आलो. थंडीत जे जे माझं कौतुक होतं, ते सगळं आज तिच्या जिवावर उठलं होतं. शीतगृहाच्या दरवाजाला निदान आतून कडी होती. मला कडी नव्हती.

एका झाडाआड उभी राहून चिमीने मला डोक्यावरून काढायचा प्रयत्न केला. माझ्याबरोबर बनियनही वर यायला लागला. तिने चाचपून पाहिलं, पुन्हा ओढलं, आणि मग तिला कळलं. मी आणि बनियन एकमेकांना शिवलेले होतो. भर रस्त्यात, शेकडो माणसांत ती काय करणार? तिने मला खाली ओढलं आणि पुन्हा पळायला लागली.

मागून कप्तान आल्या. "ए बाई, ते काय घातलंयस? काढ आधी!"

"निघत नाही. शिवलंय."

"शिवलंय?" कप्तानांचं तोंड उघडंच राहिलं. "पुढे औषधोपचाराचा तंबू आहे. तिथे कात्री माग. आणि कोरडं पडलं अंग, डोकं गरगरलं, तर थांब. ऐकतेस ना?"

चिमी तंबूपाशी गेलीही. पण तिथल्या परिचारिकेने तिचा चेहरा बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा तुम्ही. आधी बसा, मग बघू." बसा! मित्रांनो, ज्या एका शब्दावर सगळी पैज होती तो नेमका तिने उच्चारला. एकदा बसवलं की ही माणसं आपल्याला उठू देणार नाहीत, असं चिमीला वाटलं. कात्री हा शब्द तिच्या ओठांवर आला होता, तो तिने गिळला आणि ती तशीच पुढे निघाली. चुकलंच तिचं. पण नवं शहर, तिथलं काम, स्वतःच्या हाताने उघडायची खिडकी, हे सगळं त्या खुर्चीपाशी संपणार होतं, मग ती तरी कशी बसेल?

आमच्या गल्लीच्या तोंडावरून तो रस्ता जात होता. तोवर तीस किलोमीटर झाले होते. चिमी धावत नव्हती, पाय ओढत होती. घाम यायचा थांबला होता. आणि कोपऱ्यावर ताई उभी होती, हातात गरम पाण्याचा थर्मास आणि मफलर घेऊन.

"चिमे! थांब, गळ्याला हे..." ताई पुढे आली आणि तिथेच थबकली. चिमीचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ कोरडे, डोळे भलतीकडेच. ताईने तिच्या कपाळाला हात लावला. तो स्पर्श तिच्या ओळखीचा होता. कित्येक वर्षांपूर्वी उशाशी बसून रात्रभर तिने हेच तापलेलं कपाळ धरलं होतं.

"काढ," ताई म्हणाली. "काढ हे आधी."

"कसं काढू?" चिमीचा आवाज फाटला होता. "तू शिवून टाकलंयस मला. चेन बंद. बनियनपण आत शिवलाय. मुद्दामच केलंस ना? मी जाऊ नये म्हणून?"

तिने हात गळ्याशी नेला. कात्री नव्हती. गर्दीत कोणाला लागेल म्हणून आज ती दुकानात काढून ठेवली होती, आणि दुकानाची किल्ली शेजारणीकडे होती, ती गर्दीत कुठे होती कोण जाणे. तिने चिमीला भिंतीच्या सावलीत बसवलं आणि स्वतः रस्त्यावर गुडघे टेकून दाताने दोरा तोडायला लागली. एरवी कितीतरी दोरे तिने दातांनी तोडले होते. हा तुटेना. दुहेरी होता ना! नखाने टाका उचलायला गेली, तर टाका उचलेना. टीपच इतकी बारीक होती. तिची स्वतःची शिलाई तिला उसवेना. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती पुटपुटत होती, "मुद्दाम नाही गं केलं. नंबर पडू नये म्हणून. देवाशपथ, नंबर पडू नये म्हणून."

मी मनात म्हणत होतो, ताई, दोऱ्याच्या मागे का लागली आहेस? मी आहे ना! मला फाड!

तिला ते ऐकू आलं असेल का? कोण जाणे. तिने नंबराच्या कडेला दोन्ही हातांची बोटं खुपसली, माझं कापड मुठीत धरलं आणि सगळा जोर लावून ओढलं. जिने उभ्या जन्मात चिंधीसुद्धा कात्रीशिवाय वेगळी केली नाही, तिने मला नंबराच्या चारही बाजूंनी टराटरा फाडलं, चेनीचे दातसुद्धा निखळले. दुखलं का, म्हणून विचाराल तर हो, दुखलं. पण त्या फटीतून हवा आत शिरली, आणि चिमीने जो श्वास घेतला, तो ऐकून मला माझ्या दुखण्याचं काही वाटेनासं झालं.

मी गळून पडलो. नंबर मात्र जागेवरच राहिला. बनियनमध्येही टाके गेले होते ना, त्यामुळे तो माझ्या कापडाच्या चिंधीसकट तिच्या छातीवर पक्का होता! समोरच्या दुकानातून ताईने बादलीभर गार पाणी आणलं आणि हळूहळू तिच्या मानेवर, डोक्यावर, मनगटांवर ओतलं. मफलर तिने त्यातच भिजवून तिच्या डोक्यावर ठेवला. चिमी सावलीत बसून राहिली. थोडं थोडं पाणी प्यायली. तिच्या डोळ्यांत ओळख परत आली.

"मी बसले," ती म्हणाली आणि तिचा चेहरा रडवेला झाला. "पैज हरले मी."

ताईने पदराने नाक पुसलं. "तू कुठे बसलीस? मी बसवलं. ते धरायचं नाही." आणि मग, जरा वेळाने, "उठवतंय का तुला? डोकं गरगरत असेल तर खरं सांग. नसेल गरगरत तर जा."

चिमी उठली. आधी चालली, मग हळूहळू धावायला लागली. ताईने मला उचललं, छातीशी धरलं आणि गल्लीबोळांतून शेवटच्या रेषेकडे निघाली.

आम्ही पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं, आणि सकाळपासून दडी मारून बसलेला वारा आता कुठे सुटला होता. धावून आलेली माणसं बघता बघता काकडत होती. ताई दोरीपाशी उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीकडे बघत होती. खूप माणसं आली, गर्दी विरळ झाली, कमानीची फुलं-पताका काढायला माणसं शिडीवर चढली, तरी चिमीचा पत्ता नाही. ताईची बोटं माझ्या कापडात रुतत चालली होती. आणि मग रस्त्याच्या टोकाला एक पातळ बनियन दिसला. ओला, चिकटलेला. त्यावर नंबर आणि नंबराच्या कडेने माझ्या लोंबणाऱ्या चिंध्या. चिमी लंगडत होती, पण येत होती. रेषा ओलांडली, चार पावलं पुढे आली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. धड उभी राहिली.

ताई धावत गेली. तिने मला दोन्ही हातांनी पसरलं, चिमीच्या खांद्यांवर टाकायला, नेहमीसारखं. मी तयारच होतो. आणि तिचे हात मध्येच थांबले.

"चिमे," ती म्हणाली, "थंडी वाजतेय का गं तुला?"

मित्रांनो, हा प्रश्न मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. चिमीनेही ऐकला नसावा, कारण उत्तर द्यायला तिला वेळ लागला. तिने खरोखर विचार केला. दंडांवर काटा आला होता तो बघितला.

"हो," ती म्हणाली. "आता वाजतेय."

मग तिने स्वतःच्या हाताने मला घेतलं आणि स्वतः बाह्यांत हात घातले. ताईचा हात सवयीने चेनीकडे गेला आणि परत मागे आला. तिने पदर सावरला.

"कधी निघायचंय तुला?"

चिमी गेली. जाताना मला नेलं नाही तिने, तिकडे नवे मिळतात म्हणे. मी ताईच्या खुंटीवर असतो. मला राग नाही आला. आता तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्यावर कोणीतरी मायेने चार कपडे चढवत असेल, त्याच्यावर डाफरू नका, पण उकडत असेल तर तोंड उघडून सांगा. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात कोणासाठी तरी ऊब असेल. ती अंगावर टाकण्याआधी त्या माणसाला विचारा. तो नको म्हणाला, तर मला असंच हातावर घेऊन थोडा वेळ त्याच्याजवळ उभे राहा. माझी काही तक्रार नाही.